पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

दोंडाईच्यात शाळा फाटकाच्या अलीकडे,
कॉलेज पलीकडे.
सोम, बुध, शुक्र : मधल्या सुट्टीची घंटा झाली
की मी भूगोल बाकात कोंबते, जर्नल काढते
आणि रुळांपाशी येऊन उभी राहते.
मालगाडी नेमकी तेव्हाच येते.
एकदा अठ्ठावन्न डबे मोजले.
अठ्ठावन्न डबे जाईपर्यंत
मी कुठलीच नव्हते.

मागं दहावी-ब मध्ये
ईशी सर स्पर्शिका शिकवत असतील,
वर्तुळाला एकाच बिंदूत शिवून
सरळ निघून जाणारी.
उद्या रोशनीच्या वहीवरून उतरवीन.
ती वही देते, पण आधी म्हणते,
‘घ्या प्रोफेसरबाई.’

फाटकाशी मी रिबिनी सोडते, खिशात ठेवते.
त्यानं काय होतं?
आकाशी कुर्ता लांबूनच सांगतो.
जिन्यावर पोरं सरकून वाट देतात,
जशी कुणाच्या तरी धाकट्या बहिणीला द्यावी.
एकदा प्रयोगशाळेत रिबीन पडली,
जयपालनं दोन बोटांत धरून आणून दिली :
‘बारके, हे तुझं.’
नाव माहीत असून.

हजेरीत सगळी नावं छापलेली,
तळाच्या रेघेखाली बागुल मॅडमनी
पेन्सिलीनं लिहिलंय –
सैंदाणे हर्षाली भटू, शाळा.
पेन्सिल का, मी विचारलं नाही.
तालुक्यातून चौघं निवडले होते.
दोघं दिवाळीनंतर आलेच नाहीत,
तिसऱ्याच्या घरी बसचा पास परवडेना.
आता रेघेखाली मी एकटी,
बाकी तिघांचं खोडलेलं
उजेडात तिरकं धरलं तर दिसतं.

ब्युरेटची तोटी डाव्या हातानं फिरवायची,
उजव्या हातानं चंबू हलवायचा.
थेंब. थेंब. थांब.
रंग येतो, हलवलं की जातो,
पुन्हा येतो, जायला वेळ लावतो.
माझा एक थेंब जास्त पडला
आणि चंबू लग्नातल्या सरबतासारखा गुलाबी झाला.
मॅडम वाकल्या, पाहिलं, म्हणाल्या, ‘पुन्हा.’
एवढंच. लाल पेन नाही, वर्गाकडे वळून बोलणं नाही.
मला ‘पुन्हा’ हा शब्द
इतका स्वस्त मिळेल असं वाटलं नव्हतं.
तीनदा केलं. तिसऱ्यांदा
गुलाबी आहे की नाही
यावर आम्हा दोघींचं भांडण झालं असतं.

घरी आईला सांगितलं,
मिरचीची आग पाण्यात विरघळत नाही,
तेलात विरघळते. आज शिकवलं.
ती पथारीवरून आलेली, बोटं फुंकत बसलेली,
दिवसभर देठ खुडून नखांखाली लाल.
म्हणाली, ‘मंग आम्ही हातले तेल
कसाले लावतस?’
मी जर्नल मिटलं.
मग पुन्हा उघडलं
आणि निरीक्षणाच्या रकान्यात तिचं वाक्य लिहिलं,
तारीख घालून.
मॅडमनी त्याखाली बरोबरची खूण केलीय.
पेनानं.

शाळेचा निरोपाचा फोटो बुधवारी काढला,
त्यात मी नाही.
कॉलेजच्या फोटोत आहे,
कुणाच्या तरी खांद्याआडून
एक वेणी.

आज वारा पथाऱ्यांकडून होता.
फाटकाशी उभे सगळेच ठसकत होते,
सायकलवाले, दूधवाला, मी.
सुपडू आप्पा दांडी धरून, डोळे पुसत :
‘कथा चालनी व? शाळामा का कालेजमा?’
रूळ थरथरायला लागले होते.
म्हटलं, आप्पा,
पहिले गाडी तर जाऊ द्या.